उतारावरचं सोयाबीन

माझ्या मुलीचा हात माझ्यामुळे मोडला, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

आमची सुनीता सीमेवरच्या एका दलात शिपाई आहे. तिथं ती पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावर पळायच्या शर्यतीत उतरते. (हिंगोली जिल्ह्यात बर्फ फक्त रसवंतीत दिसतो, तोही भुसा लागलेला!) रजेवर सराव तुटू नये म्हणून तिनं चाकांच्या पट्ट्या आणल्या होत्या. पुढं एक चाक, मागं एक चाक, हातात दोन काठ्या, आणि ब्रेक नाही. परत गेल्यावर संघाची निवड होती. तीन वर्षं तिनं त्या निवडीसाठी रक्त आटवलं होतं.

पहिल्या दिवशी ती कनेरगाव नाक्याच्या रस्त्याला लागली, तर शेजारचे गफूरभाई म्हणाले, "पोरीले तकलीफ हाय का पायाची? काठ्या काहून घेतल्या?"

"सराव हाय," मी म्हणालो. "सरकारी."

पण अर्ध्या रस्त्यावर गावाचं सोयाबीन वाळत पडलेलं, कडेनं दगड लावलेले. सुनीता तिसऱ्या ढिगापासून परत आली आणि पट्ट्या सोडून बसली. मग मी घरोघर हात जोडत फिरलो. "पोरगी देशासाठी पळून राहिली, थोडे दिवस रस्ता द्या." सगळ्यांत आधी गफूरभाईंनी कंबर दुखत असताना आपलं सोयाबीन भरून पत्र्यावर नेलं. दोन दिवसांत रस्ता आरशासारखा झाला. ज्यानं उशीर केला, त्याला मी भर चावडीवर देशभक्ती शिकवली.

चौथ्या दिवशी माझ्या ओल्या सोयाबीनच्या पोत्यांना कुबट वास यायला लागला. आणि समोर एवढा तापलेला डांबरी रस्ता नुसता पडलेला! सुनीता तर सकाळीच जाते आणि नऊला घरी येते. दुपारी पसरायचं, चारला भरायचं, कोणाला कळतंय.

मी पोत्यात डोकं घालून बघत होतो, तेव्हा ती मागं येऊन काहीतरी बोलली. मी "व्हय, व्हय" म्हणालो. ती बोलली होती ते असं: "बाबा, निवड अलीकडं आली. आज दुपारी बी जाते मी."

उतारावर ऊन चांगलं लागतं म्हणून मी तिथं पसरलं. बायको भाकर घेऊन आली आणि बघतच राहिली.

"अहो, रस्ता पोरीला दिला होता ना?"

"सकाळचा दिला," मी म्हणालो.

तेवढ्यात वरून सुनीता आली. वाऱ्यासारखी. मी ओरडलो, "ब्रेक मार!" (पट्टीला ब्रेक नसतो, हे चार दिवस गावाला मीच समजावत होतो.) चाकं दाण्यांत शिरली, आणि पोरगी हातावर पडली.

गफूरभाई शेतातून पळत आले. त्यांनी तिला उठवलं, केसांतले दाणे वेचले. माणसं जमली, सोयाबीन कोणाचं ते सगळ्यांना दिसत होतं, पण मला कोणी एक शब्द बोललं नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हिंगोलीत प्लास्टर घातलं. सहा आठवडे. निवड गेली. घरी येऊन ती भिंतीकडं तोंड करून रडली आणि मी उंबऱ्यावर बसून राहिलो. आत जायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी तिचा सराव घेणाऱ्या सरांचा फोन आला. एकच हात धड, म्हणून तिनं फोन खाटेवर ठेवून स्पीकर लावला. तिनं सगळं सांगितलं. सर भडकले, "किस बेवकूफ ने सडक पर सोयाबीन डाला था?"

सुनीतानं माझ्याकडं बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "गाँव का एक आदमी है सर. दिल का बुरा नहीं है."

पोरीनं बापाचं नाव झाकलं. माझे डोळे भरून आले. 'बेवकूफ' तेवढं मात्र तिनं खोडून काढलं नाही.