अळणी श्रावण

माझी पत्नी शेवटी खरे बोलून गेली, असे माझी मेहुणी देवळाली कॅम्पात सांगत फिरते. ते खरे बोलणे नव्हते. रक्तातले मीठ उतरल्याचे ते लक्षण होते, आणि आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे दुसऱ्या कोणी समजावण्याचे कारण नाही.

चातुर्मासात काहीतरी सोडायचे, ही तिच्या माहेरची रीत. गेल्या वर्षीच्या श्रावणात तिने मीठ सोडले. रक्तदाबासाठी ती लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी गोळी घेत असे. त्यात याच मेहुणीच्या सल्ल्याने तांब्यामागून तांब्या पाणी पिणे सुरू झाले. मुलगा म्हणतो, बाबांनी तिला अडवले नाही. मी अडवले होते. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी आपसूक शिरते. ते तो पातळ लघवीने सतत बाहेर टाकतो आणि कल्ल्यांनी पाण्यातले मीठ वेचत राहतो, म्हणून जगतो. तिचे मीठ येणे बंद आणि जाणे चालू होते, हे मी तिला समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मी मासा नाही."

महिना सरण्याआधीच ती विळीवर बसून भाजी चिरायचे विसरू लागली. एका दुपारी तिने मला, आपण कोणाकडे आलात, असे विचारले. मुलगा सातपूरच्या कारखान्यातून तसाच आला आणि आम्ही तिला रुग्णालयात नेले. शिरेतून खारे पाणी थेंबाथेंबाने सुरू झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणी, मुलगा आणि मी खाटेजवळ असताना ती परिचारिकेला म्हणाली,

"या गृहस्थांना बाहेर बसवा. मला यांच्या घरी परत जायचे नाही."

मी बाहेर जाऊन बसलो. समोर चपलांची मांडणी होती. मी त्या चपलांकडे पाहत राहिलो. त्यानंतर पत्नी पुन्हा बोलली नाही. फुप्फुसात संसर्ग होऊन ती गेली.

मुलाचे म्हणणे असे, की त्या सकाळी मीठ बरेच वर आले होते, डॉक्टरांनी तसे सांगितले होते. म्हणजे आई शुद्धीवर होती. हे अर्धवट ज्ञान आहे. रक्त सावरले म्हणून मेंदू लगेच सावरत नाही. पाण्याने फुगू नयेत म्हणून मेंदूतल्या पेशी स्वतःजवळचे क्षार बाहेर टाकतात, आणि ते परत मिळवायला त्यांना दिवस लागतात. त्या सकाळी ती बोलली नव्हती. त्या पेशी बोलत होत्या.

वर्षश्राद्धाला मी हे पुन्हा सांगितले. मेहुणी द्रोण पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दाजी, मीठ कमी झालं तर माणूस वाट चुकतं, मान्य. पण ताई कुठल्या वाटेला लागली, ते काय मिठानं सांगितलं होतं?"

सुनेने विचारले, आईंच्या पानावर मीठ वाढायचे का? व्रत पुरे झाले नव्हते. मेहुणी म्हणाली, नको, अळणीच असू दे. पानावर मीठ सर्वांत आधी वाढतात, म्हणून सगळे थांबले होते. मी उठलो, चिमूटभर मीठ घेतले आणि पानाच्या वरच्या बाजूला, मधोमध ठेवले. मग सुनेने भात वाढायला घेतला.