न ओळखलेली खिरापत

राहीबाईंना डबा हलवून आत काय आहे ते कळायचं. नुसतं गोड की तिखट एवढंच नाही. शंकरपाळी की चिरोटे, हेसुद्धा.

आमचा वृद्धाश्रम सांगली-आष्टा रस्त्यालगत आहे. तिन्ही बाजूंना ऊस. बत्तीस माणसं. मी मराठी घेऊन एम. ए. झाले आणि इथे लागले. दुपारनंतर सगळ्यांना खोलीबाहेर काढायचं आणि खेळवायचं, हे माझं काम. हाउझी, कॅरम, भेंड्या, खुर्चीत बसून फुगा टोलवणं. गेल्या वर्षी राहीबाई म्हणाल्या, "हादगा का घालत न्हाईस गं, पल्लवी?"

हस्त नक्षत्र लागलं त्या दिवशी मी हॉलच्या भिंतीवर दोन हत्तींचं चित्र चिकटवलं. त्यावर फळांच्या माळा सोडल्या. बायका फेर धरायच्या. चाकाच्या खुर्च्याही फेरात फिरायच्या. गाणी संपली की खिरापत. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत सोळाव्या दिवशी सोळा. डबा बंद असतो. तो वाजवून दाखवायचा आणि बाकीच्यांनी आतला पदार्थ ओळखायचा. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. नाहीच जमलं तर "हरले" म्हणायचं. मग आणणारी सांगते.

सगळं चारला सुरू व्हायचं. चंदनबाला आजी दिवस मावळायच्या आत जेवतात, आणि त्याआधी त्यांना सगळं आटोपलेलं लागतं. त्या एक्याऐंशी वर्षांच्या, राहीबाईंच्याच खोलीत राहणाऱ्या.

"ही आचाऱ्याला फितवती," त्या म्हणायच्या. "तानाजी हिला आधीच सांगतोय समदं."

"आवं आजी, आईशप्पत न्हाई," तानाजी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणायचा.

"मग हिच्या कानात काय यंत्र बसवलंय व्हय?"

राहीबाई हसायच्या. "सतरा वर्सं शाळंत खिचडी शिजवली. दोनशे डबं रोज कानाशी वाजायचं. आजून काय पायजे?"

मलाही ते पटत होतं. राहीबाई तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. नवरा पलटणीत होता, तो वारला. मुलगा पुण्यात. आपली ट्रंक रिक्षात घालून त्या एकट्याच इथे आल्या होत्या. मुलाने टाकलं का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "मीच त्याला टाकला."

आठव्या दिवशी मी त्यांची परीक्षा घेतली. एक डबा रिकामाच ठेवला. त्यांनी हलवला आणि सांगितलं, "रिकामा हाय. फसवू नगंस."

नवव्या दिवशी मी एका डब्यात माझ्या आईचा फोटो ठेवला. आई मी सहावीत असताना गेली. फोटो कापसात गुंडाळला होता, म्हणजे वाजणार नाही. राहीबाईंनी तो डबा हलवलाच नाही. मांडीवर ठेवला, त्यावर तळहात टेकवला.

"हिला भाईर काढ," त्या हळू म्हणाल्या. "गुदमरंल."

मी ते कुणाला सांगितलं नाही.

तेराव्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं. चंदनबाला आजी कॉटवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या. राहीबाईंनी ट्रंकेतून एक पितळी डबा काढला. नारळाएवढा. एका बाजूने चेपलेला, झाकण गच्च बसलेलं.

"सगुणाअक्काचा हाय," त्या म्हणाल्या.

सगुणा त्यांची थोरली बहीण. घर कोयनानगरजवळ. एकोणीसशे सदुसष्टचा हादगा. राही बारा वर्षांची, सगुणा पंधराची. शेवटच्या दिवशी सगुणाने हा डबा आणला. फेरातल्या सगळ्या मुली "हरलो" म्हणाल्या. राही म्हणाली नाही. सगुणाही तिच्यासारखीच हट्टी. "तू हरले म्हण, मग सांगते." डबा फळीवर राहिला. राही तो रोज हलवायची, काहीतरी नाव सांगायची आणि सगुणा मान हलवायची. असे दोन महिने गेले. डिसेंबरात पहाटे भूकंप झाला.

"मला जित्ती काढली," राहीबाई म्हणाल्या. "अक्काला दुपारी काढली. डबा तिच्या उशाला हुता."

मामाने राहीला आष्ट्याला आणलं. डबाही आला.

"आणि तुम्ही तो कधीच उघडला नाही?"

"वळखल्याबिगर कसा उघडायचा?"

"मग हरले म्हणायचं."

"म्हटलं की डाव संपला. डाव संपल्यावर तिला थांबायचं काय कारण?"

चंदनबाला आजींनी माळ खाली ठेवली. "बाई, तू डोकं तपासून घे."

"घेतलंय की. मिरजंला."

मग त्यांनी ते सांगितलं. विसरण्याचा आजार सुरू झाला होता. डॉक्टर म्हणाले होते, वाढत जाईल. आदल्या दिवशी त्यांना तानाजीचं नाव आठवलं नव्हतं.

"आज तानाजी, उद्या अक्का," त्या म्हणाल्या. "मी इसरले तर ती तितंच बसंल, पल्लवी. कुणासाठी बसलीया त्ये सांगाय बी कुणी न्हाई."

सोळाव्या दिवशी हा डबा फेरात ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी तो हातात घेऊन हलवला. आत काहीतरी कोरडं वाजलं. बिया असाव्यात तसं. मग चंदनबाला आजींनी हलवला.

"वलं हाय," त्या म्हणाल्या. "डचमळतंय."

त्यांनी डबा पटकन परत दिला आणि हात पदराला पुसले.

सोळाव्या दिवशी तानाजीने पंधरा पदार्थ केले. राहीबाईंनी त्यातले चारच ओळखले. चकलीला काय म्हणतात ते त्यांना सुचेना. बोटाने त्यांनी हवेत वेटोळं काढलं. कुणी हसलं नाही.

मग पितळी डबा फिरला.

"लाह्या," पहिली म्हणाली.

"फुटाणे."

"चिंचोके असतील."

बरोबर की चूक ते सांगणारं कुणी नव्हतं. तरी प्रत्येक नावानंतर राहीबाई थांबायच्या, हत्तींच्या चित्राकडे बघायच्या. चित्राच्या बाजूला एक रिकामी जागा होती. फेर धरताना बायका तिथून जरा लांबून जात होत्या. हे मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. सोळा दिवस त्या तशाच जात होत्या. राहीबाई तिकडे बघून म्हणायच्या, "न्हाई म्हणतीया."

डबा परत त्यांच्याकडे आला. त्यांनी तो बराच वेळ कानाशी धरला. मग पाटावर ठेवला आणि हात मागे घेतले.

"हरले म्हण की," चंदनबाला आजी पुटपुटल्या. त्यांचा आवाज एरवीसारखा नव्हता. "पोरीला किती ताटकळत ठेवशील?"

राहीबाईंनी पदर सारखा केला.

"अक्का, हरले मी."

डबा वाजला. तीनदा. ओळखायला देताना वाजवतात तसा. तो पाटावरून जागचा हलला नव्हता. शेजारी चंदनबाला आजींचं पाण्याचं भांडं होतं. त्यातल्या पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता.

तानाजी दारातून म्हणाला, "कोयनंला धक्का बसला असंल." मी मोबाइल बघितला. तशी काही बातमी नव्हती. नंतरही आली नाही.

राहीबाई वाकल्या. कान झाकणावर टेकवला. त्या ऐकत राहिल्या. मधे एकदा "व्हय" म्हणाल्या. मग सरळ झाल्या.

"हात् तुझी," त्या म्हणाल्या. "येवढंच व्हय?"

त्या हत्तींच्या चित्राकडे बघत होत्या. मग त्यांची नजर दाराकडे गेली, दारातून अंगणात, अंगणातून उसाकडे. चालत जाणाऱ्या माणसामागे नजर जाते तशी.

"काय होतं आत?" मी विचारलं.

"तू हरले म्हण, मग सांगते."

मी म्हटलं नाही. "उद्या ओळखते," म्हणाले. उद्या वेळ असेल असं मला वाटलं.

"जेवाय चला," चंदनबाला आजी म्हणाल्या. "दिस मावळाय आला."

त्या संध्याकाळपासून डबा वाजेनासा झाला. मी, तानाजीने, सगळ्यांनी हलवून पाहिला. वजन तेवढंच, आवाज नाही.

दिवाळीपर्यंत राहीबाई सगुणाचं नाव विसरल्या. संक्रांतीला त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "पोरी, तुजा डबा माज्या ट्रंकंत आला बघ." आता त्या मलाही ओळखत नाहीत. पण चांगल्या आहेत. शांत झोपतात. फुग्याचा खेळ त्यांना आवडतो.

डबा माझ्या टेबलावर असतो. तिथून काचेतून हॉल दिसतो. "पक्कड आणू का?" तानाजीने एकदा विचारलं. मी नको म्हटलं.

गेल्या मंगळवारी टेबल पुसताना मी डबा उचलला आणि तो वाजला. काहीतरी कोरडं, बारीक. मी दार लोटलं. हॉलमध्ये फुग्याचा खेळ चालू होता. राहीबाई माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या.

"तीळ?" मी विचारलं. ओठातल्या ओठात.

काचेपलीकडे राहीबाईंचा वर उचललेला हात थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. सावकाश, दोनदा, मान हलवली. नाही.

मग फुगा आला, आणि त्यांनी तो टोलवला.