समोरच्या गॅलरीइतकं लांब

राधाबाई घाडीगावकर आणि शांता धुरी यांचा अबोला परळच्या त्या चाळीत इतका मुरला होता, की नव्याने राहायला आलेल्या बिऱ्हाडाला पाण्याच्या वेळेबरोबर तोही समजावून सांगत. चाळीला समोरासमोर दोन अंगं, मध्ये चौक. इकडे दुसऱ्या मजल्यावर राधाबाई, तिकडे दुसऱ्या मजल्यावर शांता. दोन्ही बाजू जोडणारा व्हरांडा होता. गॅसवर दूध ठेवून जावं आणि ते वर यायच्या आत परतावं, एवढंच अंतर. पण ती वाट दोघींनी टाकली ती टाकलीच.

कारण विचाराल तर जेवणाची पंगत. राधाबाईंच्या हितेंद्रचं लग्न दादरच्या हॉलमध्ये झालं. आदल्या दिवशी शांताने गोणीभर नारळ खवून दिले होते, हाताची सालं निघेपर्यंत. लग्नात मुलीकडची माणसं सांगितल्यापेक्षा जास्त आली, खुर्च्या कमी पडल्या, आणि राधाबाई घाईघाईत बोलून गेल्या, "शांते, तू काय घरचीच. तू नंतर बस गो."

झालं! "नारळ खवताना घरची म्हणून पुढे, आणि जेवताना घरची म्हणून मागे?" असं म्हणून शांता पदर खोचून जी निघाली, ती थेट घरी. न जेवता. आता यात चूक कुणाची, हा प्रश्न चाळीने पुष्कळ चघळला. राधाबाईंचं म्हणणं, मी तिला घरची मानलं हा काय माझा गुन्हा? शांताचं म्हणणं, आधी तिने यावं. राधाबाईंचं म्हणणं, मी का म्हणून? आधी तिने. या 'आधी'वर हितेंद्रची मुलगी शाळेत जायला लागली तरी गाडं अडलेलंच होतं. हळदीकुंकवाला दोघी एकाच घरात जात, एकाच सतरंजीवर बसत, आणि एकमेकींचा निरोप मधे बसलेल्या गंगुबाईला सांगत. गंगुबाई शांताची शेजारीण. दोन्ही घरचा चहा पिणारी चाळीत ती एकटीच बाई, आणि तो तिला सोडवत नव्हता.

मग राधाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

सुरुवातीला कळलंच नाही. सगळ्या दुनियेवर कुणीतरी ताकाचा हात फिरवल्यासारखं दिसायचं, तर यांनी सुनेला सांगितलं, "रश्मी, खिडकीची काच पूस." खिडकीला काच नव्हतीच. सकाळचा चहा घेऊन त्या गॅलरीत उभ्या राहायच्या, तेव्हा समोरच्या गॅलरीत एक जांभळी आकृती दिसायची. नाकडोळे नाहीत, नुसता आकार. पण जांभळा म्हणजे शांताच. तिला दुसरा रंग कधी आवडला होता?

एका सकाळी त्या आकृतीने हात हलवला.

राधाबाई कपासकट आत आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी हात हलला आणि मानही डोलली. 'नमली! शेवटी नमली बया!' राधाबाईंनी आणखी आठवडाभर भाव खाल्ला आणि मग एक दिवस, इकडेतिकडे बघून, आपलाही हात वर केला. समोरून लगेच उत्तर आलं. त्या दिवशी त्यांनी सुनेच्या हातच्या आमटीचं कौतुक केलं. रश्मीला वाटलं, आईंना ताप आलाय.

तेव्हापासून रोजचा नेम झाला. राधाबाईंनी गंगुबाईला गाठून सांगितलंही, "ऐक. आधी हात तिने केलान हां. माझ्याकडून काही नाही."

"काय सांगतेस!" गंगुबाई म्हणाली. "बरोबरच आहे म्हणा. चूक तिचीच होती."

मग पलीकडे जाऊन दोन शब्द बोलायला काय हरकत होती? अहो, असं कसं? हात तिने केला, तर पाऊलही तिनेच टाकायला नको? अबोल्याला काही रीतभात असते की नाही!

डोळे मात्र बिघडत चालले. एकदा गॅसवाला दारात उभा राहिला, त्याला हितेंद्र समजून राधाबाई म्हणाल्या, "केस काप मेल्या, भूतासारखो दिसतंस." गॅसवाला खरंच केस कापून आला, पण हितेंद्रने धसका घेतला आणि आईला दादरच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं.

"पिकलाय का?" राधाबाईंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. गावाकडे त्यांच्या सासूचा मोतीबिंदू फणसासारखा पिकायची वाट बघत ठेवला होता.

"आता पिकेपर्यंत थांबत नाहीत, आजी. कामात अडचण यायला लागली की काढायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांना प्रितीकडे पाठवलं. भिंगं समजावून सांगायला नेमलेली ही मुलगी. तिच्या टेबलावर प्लास्टिकचा मोठा डोळा होता, कुंकवाच्या करंड्यासारखा उघडणारा.

"हे बघा, डोळ्यात आपलं स्वतःचं एक भिंग असतं. वयाने ते गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. बारीकशी चीर घेऊन तो आतल्या आत फोडतात, शोषून घेतात आणि त्याच जागी हे नवीन भिंग सरकवतात."

"डोळो भायर काढून ठेवत नाय मां?"

"नाही हो आजी. टाकासुद्धा घालत नाहीत बहुतेक." प्रितीने चित्रांचा कागद पुढे केला. "आता भिंग निवडायचं. हे साधं. हे एकाच अंतरावर नीट दाखवतं. लांबचं बसवलं तर वाचायला, निवडायला चष्मा लागेल. जवळचं बसवलं तर लांबचं बघायला चष्मा. हे दुसरं लांबचं-जवळचं दोन्ही दाखवतं, पण काहींना रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात, आणि महाग आहे. सगळ्याच डोळ्यांना चालतंही असं नाही, ते डॉक्टर तपासून सांगतील."

"ते दोन्हीवालंच द्या," हितेंद्र म्हणाला. त्याच्या साहेबाच्या सासूला तेच बसवलं होतं, आणि साहेबाच्या सासूपेक्षा आपली आई कमी बघते हे त्याला ऑफिसात सांगवलं नसतं.

"आईंना जवळचं बरं," रश्मी म्हणाली. "घरातच असतात. तांदूळ निवडतात, कोळंबी सोलतात, दोरा ओवतात." राधाबाईंना उरलेल्या आयुष्यात काय बघायला आवडेल, याची सुनेने एवढी बारकाईने काळजी घेतलेली पाहून प्रितीलाही भरून आलं असावं.

"आजी, तुम्हाला काय हवं?"

"लांबचं."

"अगं, लांबचं काय बघायचंय तुला?" हितेंद्र वैतागला. "कुठे गाडी चालवायचीये?"

"किती लांबचं हो आजी?" प्रितीने विचारलं.

राधाबाईंनी विचार केला. "समोरच्या गॅलरीइतकं," त्या म्हणाल्या, आणि का ते मात्र कुणालाही सांगितलं नाही. हात करताना शांताच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण कितपत असतं, ते त्यांना स्वच्छ बघायचं होतं. जिंकलेल्या माणसाला एवढा हक्क नको?

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून साधं, लांबचं भिंग ठरवलं. दोन्ही डोळ्यांपैकी आधी उजवा करायचा होता. ऑपरेशन म्हणजे डोळ्यात थेंब, वर झगझगीत उजेड, कुठेतरी मशीनची गुणगुण, आणि राधाबाई मारुतीचं नाव घेतायत तोवर "झालं आजी." त्यांना फसवल्यासारखंच वाटलं. एवढ्या भीतीचा काहीतरी मान राखायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. त्या काळा चष्मा लावून घरी आल्या, खाटेवर बसल्या, चष्मा जरा वर केला आणि म्हणाल्या, "रश्मी, ओट्याच्या वरच्या लाद्यांवर तेलाचे ओघळ आहेत गो. केव्हापासून?"

"लांबचं भिंग म्हणे!" रश्मी भांड्यांना ऐकवत म्हणाली. "माझं स्वयंपाकघर काय लांब आहे?" तांदूळ निवडायला मात्र ताट समोर आलं तेव्हा राधाबाईंना खडे दिसेनात, आणि ते काम सुनेकडे गेलं ते गेलंच.

पुढच्या सकाळी त्या चहा घेऊन गॅलरीत आल्या. ठेवणीतली साडी नेसून.

समोर जांभळा गाऊन होता. नुसता गाऊन. हँगरला अडकवून लोखंडी गजावर टांगलेला, छातीला झालर, वाऱ्यावर एक बाही वरखाली होतेय. मान म्हणून जे डोलायचं ते हँगरचं टोक. गाऊन! इतके महिने राधाबाई एका गाऊनला हात करत होत्या, त्याच्यापुढे भाव खात होत्या, त्याला मनातल्या मनात माफसुद्धा करून बसल्या होत्या!

आणि त्या गाऊनच्या खाली, प्लास्टिकच्या स्टुलावर, शांता बसली होती. केवढीशी झाली होती ती. केस पांढरेफटक. तिने मान वर केली, हसली, आणि हात हलवला.

राधाबाई आत पळाल्या. खाटेवर बसून त्यांनी सगळा हिशेब मांडला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. गाऊन काही आधी हात करत नसतो. तेव्हा आधी हात केला तो यांनी. तो गंगुबाईने बघितला असणार, शांताला सांगितला असणार, आणि मग शांताने उलट हात करायला सुरुवात केली असणार. म्हणजे तिकडच्या गॅलरीत इतके दिवस काय बोललं जात असेल? राधा नमली! 'मरांदे मेलां ता भिंग,' राधाबाई पुटपुटल्या. 'जवळचा घेतला असता तर बरा होता.'

ठरलं. आता हात करायचा नाही. उद्यापासून बंद.

उद्या आला. हात करायचा नव्हता, पण शांताचं तोंड कसं पडतं ते बघायला काय हरकत होती? राधाबाई दाराच्या आत, अंधारात उभ्या राहिल्या. इकडची गॅलरी रिकामी. समोर शांता स्टुलावर येऊन बसली. तिने मान वर केली, रिकाम्या गॅलरीकडे बघून छानशी हसली आणि हात हलवला. थोडा वेळ थांबली. पुन्हा हलवला. मग समाधानाने उठली, भिंतीला तळवा लावला, चाचपडत दाराची चौकट शोधली. चौकट सापडली ती कपाळाला लागून.

राधाबाईंचा रागबीग सगळा होता तिथेच होता, पण पाय त्याला विचारायला थांबले नाहीत. काळा चष्मा लावून त्या व्हरांड्यातून निघाल्या तेव्हा दारादारांतून माना बाहेर आल्या. एक पोर जिना उतरून खाली बातमी द्यायला धावलं. गंगुबाई आपल्या उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. राधाबाईंना येताना बघून तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. शांता पुन्हा स्टुलावर येऊन बसली होती. आता दोघींच्या मध्ये हातभर अंतर उरलं होतं.

"कोण आसा?" शांताने विचारलं.

आता हात करून भागणार नव्हतं. आता तोंड उघडायला हवं होतं.

"मी गो. राधा."

शांताने आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाली, "कशाक इलंस? आताच तर हात केलंस."

"केलंय," राधाबाई म्हणाल्या.

"माझे पण डोळे करूचे आसत. डॉक्टर विचारता, लांबचा घालूया की जवळचा? मी म्हटलंय जवळचा घाल. लांबचा माका कित्याक? लांबचा दिसता माका. तू रोज थंय उभी रवतंस, दिसतंस मगे."

राधाबाईंनी चष्म्याखाली बोट घालायला नेलं आणि डॉक्टरीणबाईंची ताकीद आठवून खाली घेतलं. डोळ्याला हात लावायचा नव्हता, तर रडायचं तरी कसं?

"जवळचाच घे," त्या म्हणाल्या. "मी येतंय हय."

"ता ठीक. पण एक सांग." शांता स्टुलावर ताठ झाली. "पयलो हात कोणी केलो?"

गंगुबाईने मेथीत डोकं घातलं. तिने दोन्ही घरी वेगवेगळं उत्तर देऊन दोन्ही घरचा चहा प्यायला होता. खरं उत्तर एवढंच, की पहिला हात वाऱ्याने केला. ते राधाबाईंनी सांगितलं असतं तर त्यांचाही मान राहिला असता आणि शांताचाही गेला नसता. पण मग रोज सकाळी हसून हात करणाऱ्या या बाईला सांगावं लागलं असतं, की माझा हात तुझ्यासाठी नव्हताच.

"मी," राधाबाई म्हणाल्या. "पयलो हात माझो."

"आयकलंस गो गंगू?" शांता अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली. चेहरा नुसता उजळला होता तिचा. "मी काय सांगी होतंय?"

"ऐकलं बाई, ऐकलं," गंगुबाई मेथीतूनच म्हणाली.

शांता मनसोक्त हसली. मग आवाज खाली आणून राधाबाईंना म्हणाली, "आता इलंस तशी आत जा आणि चाय ठेव. माका दिसणा नाय."

राधाबाई आत गेल्या. फळीवर डबे होते. हातात घेतल्याबरोबर सगळे सारखेच धूसर झाले.

"साखर खंयच्या डब्यात गो?"

"चाखान बघ," बाहेरून शांता म्हणाली.