शिलाई वाकडी नव्हती

घाटंजीच्या स्टँडवर यवतमाळची गाडी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग स्वतःच वर चढवली. माय खिडकीखाली उभी होती. मी लेसोथोला निघाले होते, आणि लेसोथो कुठं आहे हे मलाही नीट सांगता येत नव्हतं. आफ्रिकेतला डोंगराळ देश, चारही बाजूंनी दुसराच एक देश, समुद्र नाही, एवढंच कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं. तिथल्या जीन्सच्या कारखान्यात मला क्वालिटी सुपरवायझर म्हणून घेतलं होतं.

"तिथं कापूस होते का?" बाबांनी खिडकीतून विचारलं.

"नाही बाबा. कापड बाहेरून येते. तिथं नुसतं शिवतेत."

"अन् घालते कोण?"

"अमेरिकेतले लोक."

बाबांनी गाडीच्या चाकाकडे पाहिलं. "मंग त्या देशाचं सोताचं काय हाये? नुसते हातच?"

माय चिडली. "पोरगी निघून राह्यली, अन् तुम्ही काय विचारून राह्यले!"

गाडी हलली. बाबांना मी प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

त्यांनी तसं का विचारलं ते मला माहीत होतं. ते कापसाच्या जिनिंगमध्ये प्रेसवर होते, सरकी काढलेल्या रुईच्या गाठी बांधायचे. हंगामात घरी येताना त्यांच्या भुवयांवर रुई असायची आणि माय ती दारातच पदरानं झटकायची. मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं आली, ज्यांच्यामुळे आजही यवतमाळचं नाव घेतलं की बाहेरचे लोक आवाज खाली आणतात. बाहेरदेशचा कापूस बंदरावर स्वस्त उतरतो, गिरण्या तोच घेतात, असं जिनिंगचे शेठ सांगायचे. एका वर्षी दिवाळीनंतर जिन सुरू झालंच नाही. बाबा शेठच्या घरी गेले, मी सोबत होते. मला वाटलं, ते कामाबद्दल बोलतील. त्यांनी एवढंच विचारलं, "शेठजी, आपल्या गाठीत कचरा निघाला का?"

"नहीं रे, तेरी गाठ तो अच्छी थी," शेठ म्हणाले.

घरी आल्यावर बाबांनी मायला सांगितलं, "चांगली होती म्हणते." आणि हातपाय धुवायला गेले. पुढं मी आयटीआयला शिवणकाम शिकले, बुटीबोरीत कपड्याच्या कारखान्यात लागले, तिथून बंगलोर, आणि मग लेसोथो.

तुम्ही जे घाटंजीतच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठं कुठं गेलात, तुम्हा दोघांनाही सांगते, तिथलं एकटेपण आधी कानांना कळलं. दिवसभर शेकडो मशीन चालायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी खोलीत इतकी शांतता असायची की मी भाजी चिरताना स्वतःशीच वऱ्हाडी बोलायचे. "मीठ कुठं ठेवलं वं बाई?" असं मोठ्यानं विचारायचे आणि मीच उत्तर द्यायचे. बाकीचे भारतीय लोक मॅनेजर होते, कुटुंब घेऊन राहायचे. सणाला बोलवायचे, पण आडनाव विचारून झालं की बोलणं जरा आखडायचं. मी हळूहळू जाणं सोडलं.

बाबा गेले ते तिथल्या कडक हिवाळ्यात. विमान, व्हिसा, सगळं जुळेस्तोवर इकडं सगळं उरकलं होतं. भाऊ मिलिंदनं फोनवर बुद्धवंदना ऐकवली. मी घोंगडी पांघरून खोलीत बसून ऐकली. दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर माझ्या लाइनवरच्या पलेसानं चेहऱ्याकडे पाहूनच ओळखलं. पलेसा मागचे खिसे लावायची. बोटं कायम निळी. ती मला 'आउसी' म्हणायची, म्हणजे ताई. त्या संध्याकाळी ती मला तिच्या घरी घेऊन गेली. मक्याचं घट्ट पिठलं आणि हिरवी भाजी वाढली आणि काही न विचारता शेजारी बसून राहिली. पुढं सुट्टीच्या दिवशी तिच्याकडेच जात गेले, तिची भाषा मी त्या घरात शिकले.

मग टॅरिफ हा शब्द आला. आधी टीव्हीवर, मग कारखान्यात. अमेरिकेनं आमच्या मालावर मोठं आयातशुल्क लावायचं जाहीर केलं. 'आमच्या' असं मी तोवर म्हणायला लागले होते. एवढ्याशा देशानं त्या बलाढ्य देशाचं काय बिघडवलं, हे कोणालाच कळेना. पुढं ते शुल्क बरंच कमी झालं म्हणे, पण कपडे घेणाऱ्या कंपन्या तेवढं थांबत नाहीत. त्यांनी पुढच्या ऑर्डरी दुसऱ्या देशात नेल्या. कटिंग टेबलावर जीन्सचे कापलेले पाय पडून राहिले, शिवायला कोणी सांगेना.

देश इतका लहान की कारखाना थांबला आणि रस्ताही थांबला. गेटवर जेवण विकणाऱ्या बाया टोपलं झाकून बसून राहायच्या. बायकांची ने-आण करणाऱ्या टॅक्स्या रिकाम्या उभ्या. लाइनवरच्या बायकांना खोल्या भाड्यानं देणाऱ्या म्हाताऱ्या आपल्याच ओट्यावर गप्प बसलेल्या. 'नुसते हातच?' हा बाबांचा खिडकीतला प्रश्न मला तेव्हा कळला.

एका सकाळी मॅनेजरनं मला बोलावलं. "तुला त्यांची भाषा येते. तूच सांग."

मी लाइनसमोर उभी राहिले. सांगितलं, उद्यापासून काम नाही, परत कधी ते माहीत नाही. दोघीतिघी मशीन पुसायला लागल्या, जशा रोज सुट्टी होताना पुसायच्या. पलेसा उठून पुढं आली.

"आउसी, शिलाई वाकडी झाली का?"

त्या लाइनचा प्रत्येक खिसा मी तपासला होता. "नाही गं. शिलाई वाकडी नव्हती."

"मग?"

टॅरिफ मला समजावता आलं असतं. पण मी तिची बोटं हातात धरून उभी राहिले.

कंपनीनं परतीचं तिकीट दिलं. मिलिंद फोनवर म्हणाला, "ताई, इकडं बी तेच. बाहेरचा कापूस आता बिनाड्युटीचा येऊन राह्यला, भाव पडला. पण तू ये."

आले. घाटंजीत आता माझं कोणी नाही असं म्हणता येत नाही. माय आहे, भाऊ-भावजय आहेत. तरी पहिले काही महिने मी पाहुणीच होते. कोणता डबा कुठं हे विचारून घ्यायचे. झोपेतून उठल्यावर तोंडात लेसोथोचे शब्द यायचे, आणि सगळ्या तालुक्यात ते कळणारं एकही माणूस नव्हतं. आता स्टँडजवळ मशीन टाकली आहे. शाळेचे गणवेश शिवते, ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहतं, याचं मला अजून नवल वाटतं.

पलेसा मुलांना आईकडे ठेवून जोहान्सबर्गला गेली. एका मोठ्या घरात स्वयंपाक करते. मागच्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी अंगणात होते. माय बाजेवर बसून सुपात तूर पाखडत होती. तिला आमचं एक अक्षर कळत नाही, पण फोन होईस्तोवर ती उठली नाही.

"घर खूप मोठं आहे," पलेसा म्हणाली. "दिवसभर बोलायला कोणी नाही. तू तर घरी पोचलीस ना?"

"हो."

"कसं आहे तिथं?"

जे दिसत होतं तेच सांगत गेले. ऊन आहे. माय धान्य साफ करते आहे. भिंतीजवळ कोंबडी माती उकरते. शेजारच्या घरी कोणीतरी भाकरी थापतं आहे, त्याचा आवाज येतो.

मी थांबले.

"अजून सांग," ती म्हणाली.