चाचींची कॅसेट

नव्या वायरीच्या रबराचा वास आला की पनवेलला आमच्या शेजारी राहणारे चाचा आठवतात. त्यांची उमेदीची वर्षं कुवेतला नोकरीत गेली. कायमचे परतले, तेव्हा चाची राहिल्या नव्हत्या. उरली होती ती चाचींनी तिकडे पाठवलेली एक कॅसेट. बोलून भरलेलं पत्रच ते, पण त्यातलं शेवटचं वाक्य पंख्याच्या घरघरीत बुडालं होतं. मी तेव्हा माझ्या म्युझिक सिस्टीमसाठी महागडी पॉवर केबल आणली होती आणि हिच्यामुळे गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, अशी फुशारकी जिन्यात मारली होती. दुसऱ्याच दुपारी चाचा कॅसेट घेऊन दारात उभे. आधी साध्या केबलवर ऐकवलं, मग नव्या केबलवर. दोन्ही वेळा तीच घरघर. "परत लाव, बेटा," म्हणत चाचांनी स्पीकरला कान टेकवला. तीनदा ऐकलं. त्यांची ती धडपड मला बघवेना, म्हणून मी म्हणालो, "आता कळलं, चाचा! 'लवकर या' म्हणतायत." चाचांनी स्पीकरवरून कान उचलला. "माझ्या मामाची मुलगी ती. जन्मभर मला अरेतुरेच करायची," एवढंच बोलले, कॅसेट खिशात घातली आणि निघून गेले. पुढे चाचा वारेपर्यंत आम्ही जिन्यात भेटायचो, ते हसायचेही. पण माफी मागायचं धाडस मला झालं नाही. आता कोणी दोन केबलींतला फरक विचारला, तर मला तो ऐकू येत नाही, असं मी सरळ सांगतो.