खुंटीवरच्या लडी

आमच्या पवनीच्या घरात मागाशेजारच्या भिंतीला पाच खुंट्या आहेत. पहिलीवर लाल सुताच्या लडी, दुसरीवर हिरव्या, मग पिवळ्या, काळ्या आणि शेवटी पांढऱ्या. लहानपणी बाबा मागावर बसायचे, आई चरख्यावर कांड्या भरायची आणि मी लडी आणून द्यायचो. आई "लाल" म्हणाली की मी पहिल्या खुंटीकडे धावायचो. कधी चुकलो नाही. शेजारीण आली की आई कौतुक सांगायची, "माह्या पोराची नजर पाहा. इतकासा आहे, पन रंग बरोबर आनते." खुंट्यांचा हा क्रम आईनं माहेरून आणला होता. त्याआधी बाबांच्या घरी सगळ्या लडी एकाच टोपल्यात पडलेल्या असायच्या, आणि आईच्या मते तो शुद्ध गबाळेपणा होता.

मला वैमानिक व्हायचं होतं. का, ते मला आजही सांगता येत नाही. पवनीवरून विमानं जातात ती इतकी उंचावरून की आवाज खाली येईपर्यंत ती पुढे निघून गेलेली असतात. पण होतं खरं. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलं. हवाई नियमांची, हवामानाची पुस्तकं मिळवून घोकली. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा. हेही मी खुंट्यांसारखंच जागेवरून लक्षात ठेवलं. गल्लीतले लोक मला "काय पायलटसाहेब, आमाले बसवसान ना इमानात?" असं विचारायचे. चिडवायचे, पण बाहेरगावच्या पाहुण्यांना माझी ओळखही तीच करून द्यायचे.

उड्डाणाच्या शाळेत जायच्या आधी डॉक्टरी तपासणी असते. आई सोबत आली. नागपूरच्या डॉक्टरांनी उंची, कान, छाती सगळं पाहिलं आणि मग रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं. पहिल्या पानावरच्या ठिपक्यांतला बाराचा आकडा मी वाचला. दुसऱ्या पानावर नुसते ठिपके. तिसऱ्यावरही. मी म्हणालो, "सर, पुस्तक जुनं झालं वाटते. छपाई उडाली आहे." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक आईकडे वळवलं. "आठ," आई म्हणाली. पुढचं पान, "एकोणतीस." आणि मग माझ्याकडे बघून, "इतका मोठा लिहिला आहे नं रे. काहून वाचत नाहीस?"

आईला वाटलं, मी घाबरलो. घरी आल्यावर तिनं सगळ्या लडी खुंट्यांवरून उतरवल्या, अंगणातल्या बाजेवर एकत्र टाकल्या आणि म्हणाली, "लाल दे." मी दिली. तिनं मान हलवली. दुसरी दिली. बाबांचा माग आतमध्ये थांबला. ते दारात येऊन उभे राहिले आणि परत आत गेले.

मग आईनं सरावाचा ध्यास घेतला. रोज दुपारी बाज, लडी आणि आम्ही दोघं. आणि काय सांगू, मला यायला लागलं! आधी चार वेळांत दोनदा बरोबर, मग तीनदा, मग दर वेळी. लाल म्हटलं की लाल, हिरवी म्हटलं की हिरवी. मला खरंच वाटलं, नजर उघडली. आईनं घरात शिरा केला. बाबाही म्हणाले, "आता जा बापा, बिनधास्त जा."

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तेच पुस्तक माझ्यापुढे उघडं ठेवलं. मी पानावर बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवायला लागलो. "हात लावू नका," डॉक्टर म्हणाले, "नुसतं बघून सांगा." तेव्हा मला कळलं. लाल लड रंगामुळे जरा खरखरीत लागायची, हिरवी मऊ. इतके दिवस माझी बोटंच उत्तर देत होती आणि मी ते डोळ्यांच्या नावावर जमा करत होतो. कागद सगळीकडे सारखाच गुळगुळीत होता. मी हात मांडीवर ठेवला आणि पुढचं प्रत्येक पान उलटलं की "नाही" म्हणत गेलो.

यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे जन्माचंच असतं. आईकडून मुलाला येतं, आणि आईकडे बहुतेक तिच्या वडिलांकडून आलेलं असतं. "तिला स्वतःला काही होत नाही. पण तिला मुलगी असेल, तर तिच्याही मुलात उतरू शकतं," असंही ते म्हणाले. आई खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती.

परतताना ती मला घेऊन अड्याळला उतरली, तिच्या माहेरी. आबाजी, म्हणजे तिचे वडील, ओसरीवर बसले होते. जन्मभर माग चालवलेला माणूस. आईनं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बाबा, तुमाले लाल-हिरवं ओळखू येते का जी?"

आबाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाही बाई. कधीच नाही आलं. म्हनून तं खुंट्या ठोकल्या."

"सांगतलं काहून नाही?"

"माग चालवनाऱ्यानं असं सांगतलं तं काम कोन देईल? अन् काम तं कधी अडलं नाही."

आता यावर रागवायचं तरी कोणावर? म्हाताऱ्यावर? भिंतीवर? पुढच्या बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "मीच देल्लं तुले." नाही म्हणावं तर ते खोटं होतं, हो म्हणावं तर जीभ उचलेना.

विमानं दुरुस्त करणाऱ्याला वायरींचे रंग ओळखावे लागतात, विमानतळाच्या मनोऱ्यातल्या माणसाला दिव्यांचे. ज्या दारावर गेलो तिथं ते ठिपक्यांचं पुस्तक माझ्याआधी पोचलेलं होतं. शेवटी नागपूरच्या विमानतळावर सामानाच्या वजनाचं काम मिळालं. कुठल्या कप्प्यात किती बोजा ठेवायचा म्हणजे विमानाचा तोल राहील, ते मी ठरवतो. "त्याच्या सहीशिवाय इमान हालत नाही," असं आई शेजारणींना सांगते. खोटं नाही ते. मी सही करतो, विमान जातं, मी खाली राहतो.

यंदा दिवाळीला ताई, माझी मोठी बहीण, माहेरी आली. तिचा मुलगा नुकताच शाळेत जायला लागला आहे. मीच दर वेळी खेळण्यातली विमानं नेतो, त्यामुळे तो आता आल्या आल्या सांगतो, "मामा, मी मोठा झालो की इमान चालवीन." यंदा त्यानं ते म्हटलं आणि घरात कोणीच हसलं नाही.

आई उठली. खुंट्यांवरच्या सगळ्या लडी तिनं काढल्या आणि टोपल्यात घालून कालवल्या. टोपलं त्याच्यापुढे ठेवलं. बाबा मागावरून उतरले. ताई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली.

"आजीले लाल लड दे रे राज्या."

त्यानं हात घातला आणि एक लड ऐटीत वर धरली. ती कोणती, ते मला दिसेना. इतक्या वर्षांनी माझ्यापुढे तोच प्रश्न आणि मी तसाच कोरा. म्हणून मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती हसली. "शाब्बास," म्हणाली, लड घेतली, टोपल्यात टाकली आणि पुन्हा लाल मागितली. त्यानं पुन्हा दिली. ती पुन्हा शाब्बास म्हणाली. तिसऱ्यांदा मात्र तिनं पदर तोंडाला लावला.

तिन्ही वेळा त्यानं हिरवी दिली होती. ते मला ताईनं सांगितलं.