कॉलरची बटणं

दुकानात त्यांना सगळे प्रिन्सिपल म्हणत. कॉलेज त्यांनी फक्त बाहेरून पाहिलं होतं, तेही बसच्या खिडकीतून. पण नेव्ही ब्लू ब्लेझर, त्याची पितळी बटणं, पट्ट्यापट्ट्यांचा टाय आणि जाड काड्यांचा चष्मा अशा थाटात ते काउंटरमागे उभे राहिले की गिऱ्हाइकाला आपण शर्ट घ्यायला आलोय की प्रवेश घ्यायला, असा प्रश्न पडे. दुकान पुरुषांच्या कपड्यांचं, आणि कपडे सगळे एकाच पठडीतले. परदेशातल्या जुन्या श्रीमंत कॉलेजांतली मुलं घालत तसले. छातीवर राल्फ लॉरेन कंपनीचा घोडेस्वार असलेले टी-शर्ट, सुती चिनो पँटी, केबल विणीचे स्वेटर, बिनलेसचे लोफर. घेणाऱ्यांत विद्यार्थी मात्र औषधाला नसत. विमा विकणारे येत, दातांचे डॉक्टर येत, नुकतीच बढती मिळालेले येत. कॉलेजातली ऐट राहून गेली, आता निदान अंगावर तरी चढू दे, असं कुणी बोलून दाखवत नसे. प्रिन्सिपलना ते न बोलता कळे, कारण त्यांचं स्वतःचं दुखणंही तेच होतं.

या कपड्यांचा सगळा जीव कॉलरमध्ये. जाडसर ऑक्सफर्ड कापडाचा शर्ट, आणि कॉलरची दोन टोकं शर्टाला धरून ठेवणारी दोन बारकी बटणं, मसुराच्या दाण्याएवढी. दुकानाची जुनी रीत अशी होती की शर्ट अंगावर चढला की विक्रेत्याने टाय बांधून द्यायचा, ती दोन बटणं स्वतःच्या हाताने लावायची, खांद्यावरून हात फिरवायचा आणि गिऱ्हाइकाला आरशाकडे वळवायचं. टायच्या दोन्ही बाजूंनी कॉलरला हलकासा फुगवटा यायला हवा. प्रिन्सिपल हे काम मिसरूड फुटल्यापासून करत आले होते. मालक म्हणत, "शर्ट कोणीही विकेल. प्रिन्सिपलनी बटण लावलं की माणूस आणखी दोन घेतो."

आणि एका दुपारी ते बटण लागेना.

समोर दातांचे एक डॉक्टर मान वर करून उभे होते. प्रिन्सिपलनी काज पकडलं, बटण पकडलं, आणि बोटं सांगितलेलं ऐकेनात. बटण काजाच्या कडेला टेकायचं आणि घसरायचं. डॉक्टरांनी डोळे खाली वळवले. प्रिन्सिपल म्हणाले, "हात गारठलेत जरा." बाहेर ऊन रणरणत होतं. शेवटी बटण एकदाचं लागलं, डॉक्टर शर्ट घेऊन गेले, आणि प्रिन्सिपलनी काउंटरवर टेकवलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि तर्जनी आपली आपण हलत होती, कागदाची बारीक गोळी वळावी तशी. त्यांनी हात ब्लेझरच्या खिशात घातला. खिशातही ती हलतच राहिली.

त्यांच्या थोरल्या मावशीचा हात असाच हले. आधी हात, मग चालणं, मग बोलणं. शेवटी तिला चमच्याने भरवावं लागे आणि अर्धं हनुवटीवर सांडे. लहान असताना त्यांना तिच्या खोलीत जायची भीती वाटे. घरात त्याला कंपवात म्हणत. तो शब्द त्यांनी मनातसुद्धा पुरता उच्चारला नाही, अर्ध्यावरच तोडला.

दुसरी भीती पोटाची. मागच्याच वर्षी कपड्यांची दुरुस्ती करणाऱ्या काकांची नजर अधू झाली आणि एका ब्लेझरची बाही आखूड झाली. मालकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि गोड आवाजात म्हणाले, "काका, आता आराम करा." दुसऱ्या दिवसापासून काका दिसले नाहीत. प्रिन्सिपलांच्या घरात कमावणारे ते एकटे. त्या खुर्चीवर ते आता कधी बसत नसत.

मग त्यांनी थापा मारायला सुरुवात केली.

पहिली थाप अगदी सहज निघाली. एक तरणाबांड बांधकामवाला आरशात बघून म्हणाला, "बटणं राहिली की."

"राहिली नाहीत, ठेवलीत," प्रिन्सिपल म्हणाले. हात खिशात लपला होता, आवाज मात्र पट्टीच्या मास्तरासारखा निघाला. "ज्यांच्या घरात आज्यापासून हे शर्ट आहेत ना, ते कॉलरची बटणं लावत बसत नाहीत. प्रत्येक बटण लावणारा माणूस नवखा दिसतो."

बांधकामवाल्याला जगात काहीही चाललं असतं, नवखं दिसणं चाललं नसतं. तो कॉलर उघडी ठेवूनच गेला आणि आठवडाभरात त्याचे मित्र आले. त्यांच्याही कॉलरी उघड्या राहिल्या. टायची गाठ नीट बसेना, तेव्हा प्रिन्सिपलनी गाठ सैल सोडायची फॅशन काढली. मनगटाची बटणं जड जाऊ लागली, तेव्हा बाह्या दुमडायची. बुटाच्या लेसचं नाव निघालं की ते लोफरचं कपाट उघडत. त्यांचा हात ज्याला ज्याला घाबरला, ते ते गावात जुनाट ठरलं. लोक म्हणत, म्हातारपणी प्रिन्सिपल रंगात आलेत. इकडे रंगात आलेल्या माणसाची पाचावर धारण बसलेली असे. रोज सकाळी शटर वर गेलं की आज कोण पकडणार, एवढाच विचार.

मालक मात्र खूश. त्यांनी काचेतल्या पुतळ्याच्याही कॉलरची बटणं सोडली. मग एका सोमवारी चहा पिता पिता म्हणाले, "गुरुवारी तुमचा व्हिडिओ काढू. आधी जुनी पद्धत दाखवा. टाय, कॉलरची दोन्ही बटणं, सगळं हाताने. कॅमेरा हातांवरच ठेवू. मग ती सोडून नवी पद्धत. काय म्हणता?"

प्रिन्सिपल "वा" म्हणाले. तोंडचं पाणी पळालेला माणूस आणखी काय म्हणणार? त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना त्यांनी चुकीच्या मापाचे शर्ट दिले.

मंगळवारी एक वयस्क जोडपं आलं. नवरा निवृत्त प्राध्यापक, म्हणजे खराखुरा कॉलेजवाला. त्याला दारातून आत यायलाच फार वेळ लागला. पाय उचलत नव्हते, फरशीवरून घासत होते. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, काहीच नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे कॉलरची बटणं न लावण्याची फॅशन आहे म्हणे. ह्यांना सोयीची पडेल."

प्राध्यापक खुर्चीवर बसले आणि त्यांचा हात मांडीवर हलू लागला. अंगठा आणि तर्जनी. शर्ट काढून देताना प्रिन्सिपलनी प्राध्यापकांकडे पाहायचं टाळलं, पण ते उठून आत निघाले तेव्हा कान त्या घासत जाणाऱ्या पावलांवरच होते. हे माझंच चालणं आहे, त्यांना वाटलं, थोडं पुढचं.

प्राध्यापक कपडे बदलायच्या खोलीत गेले. पडदा ओढला गेला तशा बाई काउंटरजवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "तुमचा उजवा हात मघापासून खिशात आहे."

"सवय आहे."

"शर्ट काढायला खिशातून निघाला, तेव्हाही चालताना फक्त डावाच हलत होता तुमचा. ह्यांचीही आधी सवयच होती." त्यांच्या बोलण्यात दटावणी नव्हती. "दोन वर्षं ह्यांनी मला सांगितलं नाही. मला कळलंय, हे मीही ह्यांना सांगितलं नाही. त्या दिवसांत मी एकटी जेवढी घाबरले, तेवढी नाव कळल्यावरही घाबरले नाही. औषधं आहेत हो. लवकर गेलात तर बरीच वर्षं काम होतं हातून."

प्रिन्सिपलना काहीतरी चांगलं, मास्तरी थाटाचं उत्तर द्यायचं होतं. त्यांनी डाव्या हाताने बिलाचं पुस्तक पुढे ओढलं.

"अगं, ये इकडे," आतून आवाज आला. "बाहीत अडकलोय." बाई पडद्याआड गेल्या. कापड झटकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दोघांचं बारीक हसणं. ते हसणं ऐकूनही प्रिन्सिपलांची भीती कमी झाली नाही.

घरी जाताना ते मुद्दाम पायी निघाले. चालताना उजवा हात पुढेमागे हलतो का ते दुकानांच्या काचांत बघत होते. हलत नव्हता. आणि चालता चालता त्यांना एकेक गोष्ट आठवू लागली. हल्ली बायको चहा अर्धाच कप देई. साखर महागली का, असं त्यांनी तिला चिडवलंही होतं. बरणीचं झाकण ती त्यांनी मागायच्या आत उघडून ठेवी. सकाळी ते शर्ट घालत असले की ती नेमकी त्या खोलीत येत नसे. पूर्वी दहा वेळा यायची. ते रस्त्याच्या कडेला थांबले. इतके दिवस ही गोष्ट फक्त त्यांना ठाऊक होती, म्हणून ती कदाचित खोटीही असेल, अशी एक फट त्यांनी ठेवली होती.

बायको इस्त्री करत होती. ते ब्लेझर न काढताच तिच्यासमोर खुर्चीवर बसले आणि उजवा हात टेबलावर ठेवला. तिने पाहिलं. बोटं हलत होती. तिने इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं.

"तुला माहीत होतं," प्रिन्सिपल म्हणाले.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्ही लपवत होतात. मला वाटलं, लपवण्यावरच माणूस उभा आहे, ते काढून घेतलं तर कोसळेल." तिने शर्टाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "डॉक्टरांची वेळ घेतली होती तुमच्या नावाने. मागच्या महिन्यात. मग मीच रद्द केली. पुन्हा घेतली, पुन्हा रद्द केली. ते नाव घेतील आणि मग ते खरं होईल, असं वाटायचं." ती आता रडत होती. "आताही घेतलीय. परवाची, गुरुवारची. तीही उद्या सकाळी रद्दच करणार होते."

"करू नकोस," ते म्हणाले. मग म्हणाले, "मला फार भीती वाटते गं."

"मला काय कमी वाटते?"

मग तिने डोळे पुसले. "गुरुवारी तर तुमचा तो व्हिडिओ आहे ना? मालकांना काय सांगाल?"

प्रिन्सिपलांच्या डोळ्यांसमोर ती खुर्ची आली, पाण्याचा पेला आला, तो गोड आवाज आला. हात आता मनगटापासून थरथरत होता. त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला.

"मालकांचा नंबर तू लाव," ते म्हणाले. "बोलतो मी. फक्त इथेच उभी राहा."